ईसीजी पॅच, मनगटी पट्टा आणि ठोक्यांपासून बनवलेली चावी

प्रश्न ऐरोलीच्या एका शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा आहे. छातीवर चिकटवायचा ईसीजी पॅच, त्यात एडी८२३२ ही चिप, सॅम्पलिंग २५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २५० नमुने. मनगटावर पीपीजीचा, म्हणजे प्रकाशाने नाडी टिपणारा पट्टा, त्यात मॅक्स३०१०२ हा सेन्सर, सॅम्पलिंग १०० हर्ट्झ. दोन्ही बीएलईवरून, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवरून, फोनला जोडलेले. दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत मोजायचं, ते ०-१ च्या द्विमान रूपात लिहून प्रत्येक अंतराचे शेवटचे चार बिट घ्यायचे, ३२ अंतरं झाली की १२८ बिटांची चावी तयार. दोन्हीकडचे फरक बीसीएच या चूक-दुरुस्तीच्या कोडने दुरुस्त करायचे आणि ती चावी डेटा कुलूपबंद करणाऱ्या एईएस या कूटलेखन पद्धतीला द्यायची. बसलेल्या माणसावर चावी बहुतेक वेळा जुळते, चालताना अजिबात जुळत नाही. मार्गदर्शक सर म्हणतात, ठोके सोडा, बोटाच्या ठशावरून चावी करा. पुढच्या टप्प्यात हेच किट ठाण्यातल्या एका विरंगुळा केंद्रात ज्येष्ठांवर वापरून पाहायचंय. तर ठोके की ठसा, आणि चालण्याचं काय करायचं?

या वादात पडण्याआधी प्रश्नच जरा सुटा करून मांडते. मी महापे एमआयडीसीत अंगावर वापरायच्या वैद्यकीय उपकरणांचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, लिहिते आणि ही कल्पना घेऊन येणारे नवे इंजिनिअर अधूनमधून भेटतातच. कल्पना वाईट नाही. २००३ मध्ये चेरुकुरी, वेंकटसुब्रमण्यन आणि गुप्ता यांनी शरीरावरच्या सेन्सरांसाठी शरीराचेच संकेत वापरायचा विचार मांडला, २००६ मध्ये हाँगकाँगच्या पून, झांग आणि बाओ यांनी ठोक्यांमधल्या अंतरांवर काम केलं, आणि त्यानंतर यावर भरपूर लिहिलं गेलंय. अडचण अशी की तुमच्या मांडणीत दोन वेगळी कामं एकाच संकेतावर लादली आहेत. एक काम गुप्ततेचं: हवेतून जाणारा डेटा तिसऱ्याला वाचता येऊ नये. दुसरं खातरजमेचं: पलीकडचं यंत्र आत्ता, याच माणसाच्या अंगावर आहे ना? दुसऱ्या कामाला ठोके फार चांगले. पहिल्याला ते पुरत नाहीत, आणि हे तुमच्याच आकड्यांवरून दाखवता येतं.

२५० हर्ट्झ म्हणजे दर ४ मिलिसेकंदांना एक नमुना, म्हणजे प्रत्येक अंतर ४ च्या पटीत. अशा आकड्याचे शेवटचे दोन बिट कायम शून्य असतात. इंटरपोलेशन, म्हणजे दोन नमुन्यांच्या मधली जागा अंदाजाने काढणं, करत नसाल तर ईसीजीकडच्या चार बिटांतले निम्मे मुळातच मेलेले आहेत. १०० हर्ट्झच्या पीपीजीची अंतरं १० च्या पटीत, तिथे शेवटचा बिट कायम शून्य. इतक्या जाड्याभरड्या मोजमापावर चावी बसल्या जागी तरी कशी जुळते याचंच मला नवल वाटलं. जुळते याचा अर्थ बीसीएच कोड फारच दणकट निवडलेला असणार. आणि कोड जितका दणकट, तितकी दुरुस्तीची माहिती हवेतून उघडी जाते. १२७ बिटांपैकी ६४ खऱ्या माहितीचे ठेवणारा बीसीएच १० चुका दुरुस्त करतो, पण त्यासाठी ६३ बिटांइतकी माहिती जगजाहीर होते. ऐकणाऱ्याला ती फुकट मिळते.

उरलेल्या बिटांत खरी अनिश्चितता किती, हे माणसावर अवलंबून. तुमची चाचणी बहुधा वर्गमित्रांवर झाली असणार. विशीतल्या निरोगी मुलाच्या ठोक्यांमधलं अंतर बसल्या जागीसुद्धा ४० मिलिसेकंदांच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे सरासरीभोवती तेवढ्या पसाऱ्याने, सहज हलतं. ४ मिलिसेकंदांचे खण पाडले तर सर्वात संभाव्य खणाची शक्यता साधारण ४ टक्के, म्हणजे पंचविसात एक; शक्यता जितक्या वेळा निम्मी तितके बिट, म्हणून दर अंतरामागे साडेचार बिटांच्या आसपास. तिथे चार बिट घेणं पटण्यासारखं आहे. आता विरंगुळा केंद्रातल्या, कित्येक वर्षं मधुमेह असलेल्या आजींचा विचार करा. दीर्घ मधुमेहात स्वायत्त चेतासंस्थेला इजा होऊ शकते आणि ठोक्यांतला चढउतार घटतो. प्रमाण विचलन ८ मिलिसेकंद आलं तरी नवल नाही. तोच हिशेब पुन्हा: सर्वात संभाव्य खणाची शक्यता २० टक्के, हाती सव्वादोन बिट. शिवाय श्वासाबरोबर ठोके लयीत कमीजास्त होतात, त्यामुळे मागची अंतरं माहीत असली की पुढच्याचा अंदाज आणखी सोपा. त्यातून बीसीएचने उघड केलेलं वजा करा. कागदावर १२८ बिट दिसतात, खरे तीसेक उरले तरी नशीब. ३२ बिट म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. हवेतून पकडलेला एक पॅकेट हाताशी असेल तर त्या सगळ्या करून पाहायला साधा लॅपटॉप पुरतो.

पेसमेकरवाल्यांचं तर विचारूच नका. पेसमेकर ठराविक गतीने ठोके देत असेल तेव्हा अंतर जवळजवळ स्थिर असतं, त्यातून काहीच निघत नाही. एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाची लय बिघडवणाऱ्या आजारात उलट: अंतरं इतकी अनियमित की अनिश्चितता भरपूर. पण तिथे काही ठोके इतके कमजोर पडतात की त्यांची नाडी मनगटापर्यंत पोचतच नाही. ईसीजीला दिसलेला ठोका पीपीजीला दिसला नाही की पुढची सगळी ओळ एका घराने सरकते. म्हणजे ज्यांना अशा उपकरणाची सर्वाधिक गरज, नेमक्या त्यांच्यावरच ही चावी कच्ची किंवा न जुळणारी. तुमच्या अहवालात मला पहिला आलेख पाहायचा असेल तर तो हाच: वय आणि आजार यांनुसार दर अंतरामागे मिळालेले खरे बिट.

तिसरी गोष्ट सहसा कुणी विचारातच घेत नाही. ज्या ठोक्यांपासून चावी बनली, तेच ठोके तुम्ही पुढे पाठवणार आहात. ईसीजी डॉक्टरांकडे जाणार, क्लाउडवर साठणार, पीडीएफ होऊन घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही पडणार. त्या दिवशीची रेडिओ वाहतूक कुणी नोंदवून ठेवली असेल आणि सहा महिन्यांनी ती ईसीजी फाइल त्याच्या हाती लागली, तर चावी परत बनवता येते. ठोके तसेही फारसे गुप्त नसतात. व्यायामाचे छातीपट्टे ब्लूटूथच्या हार्ट रेट सर्व्हिसमधून दोन ठोक्यांमधलं अंतर १/१०२४ सेकंदाच्या बारकाईने देऊ शकतात, आणि त्यासाठी पेअरिंग सक्तीचं नाही. चेहऱ्यावर साधा कॅमेरा रोखून नाडी मोजता येते हे २००८ मध्येच दाखवलं गेलंय. कॅमेऱ्याचं मोजमाप ओबडधोबड असतं हे खरं, पण ८ मिलिसेकंदवाल्या आजींच्या बाबतीत आधीच एवढं कमी लपलेलं आहे की ओबडधोबड अंदाजही हल्लेखोराच्या पथ्यावर पडतो.

आता चालण्याकडे वळू. इथे दोन-तीन कारणं एकत्र आली आहेत. पहिलं मी आधी तपासेन: वेळेची नोंद कुठे होते? नमुने फोनवर पोचल्यावर ॲप वेळ टाकत असेल तर सगळं मुसळ केरात. बीएलईमधलं कनेक्शन इंटरव्हल, म्हणजे दोन संपर्कांमधला वेळ, ७.५ मिलिसेकंदांपासून ४ सेकंदांपर्यंत काहीही असू शकतं, पॅकेट पुन्हा पाठवावे लागतात, अँड्रॉइड आपल्या मर्जीने ते पुढे सरकवतं. वेळ सेन्सरच्या स्वतःच्या घड्याळावरच टाकायची. दोन घड्याळं थोडी पुढेमागे धावली तरी चिंता नको. ५० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत ५० भाग चुकणाऱ्या, घड्याळाच्या क्रिस्टलने एका ठोक्याच्या अंतरात पडणारा फरक ०.०५ मिलिसेकंदांहूनही कमी असतो.

दुसरं कारण पीपीजीचं. माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे पावलं टाकतो, आणि चालताना हृदयाची गतीही त्याच्याच आसपास येते. हाताच्या हेलकाव्याने रक्त हलतं, तुमचा अल्गोरिदम पावलांनाच ठोके समजून मोजत बसतो. शिवाय पीपीजीचा माथा बोथट असतो, ईसीजीच्या आर-शिखरासारखा, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकासारखा, टोकदार नाही. माथ्याऐवजी लाट जिथून वर उचलते तो पाया पकडा, सॅम्पलिंग वाढवा, शिखराभोवती पॅराबोला बसवून नमुन्यांच्या मधली जागा काढा. मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड सुटायला लागतो आणि ईसीजीची बेसलाइन डोलते, तोही त्रास ठाण्यात गृहीत धराच.

पण खरं उत्तर वेगळं आहे: चालताना चावी बनवायचीच कशाला? माणूस स्वस्थ बसलेला असताना एकदा जोडणी करा. मिळालेली चावी यंत्रात ठेवा, आणि बदलायची असेल तेव्हा जुन्या चावीपासूनच एचकेडीएफ या चावीतून चावी काढायच्या पद्धतीने नवी काढा. पुन्हा ठोके लागतील ते पट्टा अंगावरून निघाला आणि परत चढला तरच. तो क्षण सेन्सरला कळतोच.

आता जोडणी कशी करावी. गुप्ततेचं काम ईसीडीएचवर, म्हणजे उघड्यावर बोलूनही दोघांनाच कळणारी चावी ठरवायच्या पद्धतीवर, सोपवा. ब्लूटूथ ४.२ पासून, म्हणजे २०१४ च्या अखेरीपासून, बीएलईमध्ये एलई सिक्युअर कनेक्शन्स आहे. तिथे पी-२५६ या गणिती वक्रावर चावीची देवाणघेवाण होते आणि नुसता ऐकणारा कोरडाच राहतो. पॅच आणि पट्टा यांच्यात हीच देवाणघेवाण ॲप्लिकेशनच्या पातळीवर फोनमार्फतही करता येते. कमतरता एवढीच की ज्या यंत्राला ना पडदा ना बटणं, ते 'जस्ट वर्क्स' पद्धतीने जोडलं जातं, आणि मध्ये कुणी येऊन बसला तर दोन्ही टोकांना पत्ता लागत नाही. ती एक फट ठोक्यांनी बुजवायची.

ईसीडीएच झाल्यावर दोन्ही यंत्रं एकाच वेळी मिनिटभर ठोके मोजतात. मग प्रत्येक यंत्र आपली अंतरं, एक ताजा यादृच्छिक आकडा आणि झालेल्या देवाणघेवाणीचा हॅश (माहितीची उलट न फिरवता येणारी छोटी खूण) एकत्र करून त्यांचा एसएचए-२५६ हा हॅश पाठवतं. टेंडरची बंद पाकिटं असतात ना, तसंच: दोन्ही पाकिटं पेटीत पडल्याशिवाय एकही उघडायचं नाही. मग अंतरं उघड करायची आणि फरक ठरलेल्या मर्यादेत आहे का ते पाहायचं. मधल्या माणसाने पाकीट आधीच टाकलेलं असतं, त्याला ते बदलता येत नाही. दुसऱ्याचं पाकीट उचलून आपलं म्हणून टाकावं तर त्यातला हॅश वेगळ्या देवाणघेवाणीचा निघतो. बारकावा एक आहे: पाकीट स्वीकारायची मुदत कडक हवी, आणि ती दोन्ही टोकांना संपल्याशिवाय कुणीही उघडायचं नाही. नाहीतर मधला माणूस पॅचकडून उघडलेले ठोके घेऊन तेच पट्ट्यासमोर टाकील. आणि सलग काही वेळा फसलं की यंत्राने थोडा वेळ नकार द्यावा. त्याने अंदाजही थांबतात आणि बॅटरीही वाचते.

यात बीसीएच लागत नाही, कारण दोन्हीकडचे बिट तंतोतंत जुळायची गरजच उरत नाही. आणि मुख्य म्हणजे तीस बिटांचा हिशेब आता उलटा होतो. चावी म्हणून तीस बिट फोडता येतात, कारण हल्लेखोर घरी बसून हव्या तितक्या वेळा प्रयत्न करू शकतो. इथे त्याला संधी एकच मिळते, तीही चालू जोडणीच्या त्या मिनिटात. ब्लूटूथचा सहा आकडी पासकी म्हणजे १० लाख शक्यता, सुमारे २० बिट, आणि तो आपण सगळे मुकाट्याने मान्य करतो ते याच कारणाने. आजींच्या ठोक्यांतून २० बिट सुटले नाहीत तर मोजायची मुदत मिनिटावरून दोन मिनिटं करा. पेसमेकर असेल तर ही वाट बंद ठेवून दुसरी द्या. आणखी एक फायदा: ते ठोके नंतर जगाला कळले तरी बिघडत नाही, गुप्तता त्यांच्यावर टेकलेलीच नाही.

२०१३ मध्ये रोस्तामी, ज्युएल्स आणि कुशनफर यांनी 'हार्ट-टू-हार्ट' नावाने याच धर्तीची पद्धत मांडली होती, शरीरात बसवलेल्या उपकरणांसाठी. तिथे ती चपखल बसते. शरीरात बसवलेल्या यंत्राला बटण दाबता येत नाही, आणि बेशुद्ध रुग्णाला पासवर्ड विचारता येत नाही, पण डॉक्टरचा हात अंगाला लागतो. तो धोका काल्पनिक नव्हता. २००८ मध्ये हॅल्पेरिन आणि सहकाऱ्यांनी शरीरात बसवायच्या डिफिब्रिलेटरला रेडिओवरून हुकूम देता येतात हे प्रयोगशाळेत करून दाखवलं होतं.

तुमच्या पट्ट्याला मात्र बटण आहे आणि पॅचच्या पाठीवर क्यूआर कोड छापता येतो. मग फक्त मधल्या माणसाला अडवायला ठोकेच हवेत असं मी म्हणणार नाही. क्यूआरमधली किंवा एनएफसीने, म्हणजे फोन जवळ टेकवून, दिलेली गुप्त माहिती स्वस्त, भरवशाची आणि पेसमेकरवाल्यालाही चालणारी. ठोके खरे उपयोगी पडतात ते वेगळ्या ठिकाणी. विरंगुळा केंद्रात सात-आठ जण एकाच टेबलाभोवती बसून पॅच लावणार. एकीचा पॅच आणि दुसरीचा पट्टा एकाच नावाखाली जोडला गेला, तर कूटलेखन अगदी निर्दोष असूनही डॉक्टरांसमोर चुकीच्या माणसाचा ईसीजी जाईल. क्यूआरला हे कळत नाही, ठोक्यांना कळतं. तुमच्या प्रोजेक्टचं नावीन्य मी इथे शोधेन.

ठशाबद्दल सरांना एवढंच सांगा. ठसा बदलता येत नाही, चहाच्या कपावर राहतो, आणि छातीवरचा पॅच तो वाचू शकत नाही. फोन उघडायला ठसा खुशाल वापरा. तिथेही ठशापासून चावी बनत नाही. चावी फोनच्या सुरक्षित हार्डवेअरमध्ये आधीच असते, ठसा जुळला की ती वापरायला मोकळी होते. ईसीजीच्या लाटेचा आकार ठशासारखा वापरायची टूम निघाली होती. २०१७ मध्ये एबर्झ आणि सहकाऱ्यांनी तसा एक मनगटी पट्टा बनावट ईसीजीने फसवून दाखवला.

चाचणीबद्दल दोन सूचना. एमआयटी-बीआयएच या ईसीजी नोंदींच्या संग्रहातल्या सामान्य लयीच्या संचात सॅम्पलिंग १२८ हर्ट्झ आहे, म्हणजे ७.८ मिलिसेकंदांची पायरी. त्यातून मिलिसेकंदांचे शेवटचे बिट काढलेत तर तुम्ही हृदय मोजत नसून पूर्णांक करण्याचे नियम मोजताय. दुसरं, एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या ८००-२२ मधल्या यादृच्छिकतेच्या १५ चाचण्या पास झाल्या म्हणून चावी सुरक्षित ठरत नाही. १, २, ३ हे आकडे एसएचए-२५६ मधून काढले तरी त्या चाचण्या पास होतात. त्याच संस्थेच्या ८००-९०बी प्रमाणे हॅश करण्याआधीच्या अंतरांची किमान अनिश्चितता मोजा, आणि मागची अंतरं पाहून पुढचं ओळखणारं एखादं साधं मॉडेल स्वतः शिकवून बघा.

आता थोडं विषयाबाहेरचं, पण माझ्या कामात जास्त घात तिथेच होतो. एका पुरवठादाराच्या पॅचमध्ये सगळ्या नगांत एकच चावी निघाली होती, आणि डीबग पोर्ट, म्हणजे चिप तपासायची जोडणी, उघडा असल्याने ती वाचायला काही मिनिटं पुरली. एईएस वापरायच्या सीसीएम पद्धतीत एकाच चावीखाली नॉन्स, म्हणजे प्रत्येक संदेशासाठी एकदाच वापरायचा आकडा, परत येता कामा नये. बटण-सेल दमला, चिप रीसेट झाली, काउंटर पुन्हा शून्यापासून सुरू, की तुमचं कूटलेखन गेलं. काउंटर फ्लॅशमध्ये पुढचा टप्पा राखून लिहा, किंवा प्रत्येक बूटला नवी सत्र-चावी काढा. हे तपासायचं असेल तर संध्याकाळच्या गर्दीत ठाणे–वाशी लोकलमध्ये किट घालून उभे राहा. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झवर इतकी झुंबड असते की जोडणी तुटून परत जुळण्याचे सगळे प्रकार घणसोली येईपर्यंत लॉगमध्ये दिसतील. ईएसपी३२ ही चिप वापरत असाल तर रेडिओ बंद असताना त्याच्या यादृच्छिक आकड्यांवर विसंबू नका.

विरंगुळा केंद्रात जाण्याआधी कॉलेजच्या नीतिसमितीची मंजुरी आणि मराठीत लिहिलेलं संमतीपत्र हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही संमतीवरच आहे. पत्रात डेटा कुठे साठणार आणि कधी पुसणार हे साध्या वाक्यांत लिहा. पेसमेकर आहे का, मधुमेह किती वर्षं, बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती मंदावणारं औषध) चालू आहे का, हेही तिथेच विचारून घ्या. त्याशिवाय वय आणि आजारांनुसारचा तो आलेख काढता येणार नाही.

सुरुवात मात्र वेळेच्या नोंदीपासून करा. ती सेन्सरवर घेऊन पुन्हा मोजलंत की बसलेल्या माणसावर ईसीजी आणि पीपीजी यांच्या अंतरांत किती मिलिसेकंदांचा फरक येतो तो आकडा कळवा, तरुण आणि ज्येष्ठ दोघांचा वेगवेगळा. तुलनेची मर्यादा ५ मिलिसेकंद ठेवायची की १५, आणि मिनिट पुरेल की दोन लागतील, हे त्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही.